खिडकीतली बरणी

माझा धाकटा भाऊ जंतू पाळतो. कुणी कोंबड्या पाळतं, कुणी मधमाशा. हा गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या टाकीत जंतू पाळतो आणि त्यांना ‘माझी मंडळी’ म्हणतो. पूर्वी पुरुष बायकोला मंडळी म्हणायचे. माझ्या भावजयीने लग्न झाल्याझाल्याच त्याला विचारलं होतं, “मग मी कोण?” त्याला काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

गाव लहान आहे. सगळ्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी एकाच नळातून उतरत त्याच्याकडे येतं. जाळीत चिंध्या नि केस अडकतात, पहिल्या टाकीत जड ते खाली बसतं आणि दुसऱ्या टाकीत, जिथे तळातून हवा सोडलेली असते, तिथे ही मंडळी राहते. आपण टाकून दिलेलं खायचं, वाढायचं आणि गाळ होऊन तळाशी बसायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. वर उरलेलं पाणी लव्हाळ्याच्या वाफ्यातून झिरपत ओढ्याला मिळतं. ओढ्यावर गुरं पाणी पितात. टाकी नीट चालते तोवर टाकीवाला कुणाला आठवत नाही, आणि माझ्या भावाला तेच आवडायचं.

टाकीची तब्येत तो एका काचेच्या बरणीत बघतो. टाकीतलं पाणी बरणीत भरायचं, ओट्यावर ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. सगळं ठीक असेल तर तपकिरी गाळ खाली बसलेला असतो आणि वर पाणी निवळशंख. बिघडलं असेल तर बरणीभर गढूळ आणि माथ्यावर फेस. त्याची मुलगी लहान असताना त्या बरणीपुढे फतकल मारून बसायची आणि निकाल जाहीर करायची, पास किंवा नापास. त्यावरून तिचं नाव पडलं साहेब. “साहेब आल्या का शाळेतून?” “साहेबांनी दूध प्यायलं का?” पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली, चष्मा लागला, तरी घरात साहेबच राहिली.

मग साहेबांना रक्ताचा आजार झाला.

इस्पितळात तिचं जुनं रक्त औषधांनी मारलं आणि नवं धरायची वाट बघत बसलो आम्ही. जरा धरल्यासारखं वाटलं तेव्हा तिला घरी पाठवलं. निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट घोळवून घोळवून सांगितली, “जंतूंपासून जपा. तिच्या अंगात त्यांच्याशी लढायला सध्या कुणी नाही.”

म्हणजे बघा. बाप जंतू पाळणारा आणि लेकीला एकही जंतू चालणार नाही. देवाला विनोदच करायचा होता तर जरा बरा करायचा.

आमचं घर टाकीला लागून आहे, गावातलं शेवटचं. मी मागच्या खोलीत राहते आणि लोकांचे कपडे शिवते. पुढची खोली भावजयीने साहेबांसाठी रिकामी केली. पडदे काढले, उशा नव्या आणल्या, खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. आणि ब्लीचचे कॅन आणले. नर्सने माझ्यादेखत तिला सांगितलं होतं की साबण आणि पाणी पुरे, बाकी काही लागत नाही. पण साबणपाण्याने कुठल्या आईचं समाधान होतं? सकाळी फरशी, दुपारी भिंती, संध्याकाळी कड्या आणि पलंगाचे पाय. मोरीत बादलीमागून बादली रिकामी व्हायची. तिच्या बोटांची सालं निघाली. मी हातमोजे शिवून दिले तर म्हणाली, “ताई, मोज्यांनी कळत नाही कुठे स्वच्छ झालं ते.”

आणि नवऱ्याला तिने सांगितलं, “तुम्ही आत यायचं नाही. रागावू नका, पण तुमचं काम तसं आहे.”

भावाने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि मान हलवली. मला त्याचा राग आला. अरे, भांड की जरा! आंघोळ करून, कपडे बदलून गेला असतास तर काय बिघडलं असतं? पण त्याला स्वतःचीच भीती वाटत होती. मला म्हणाला, “ताई, माझ्या नखात काय असेल ते मलाच माहीत नाही. माझ्यामुळे तिला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?”

तेव्हापासून बापलेकीची भेट खिडकीतून. रोज सकाळी तो बरणी घट्ट झाकण लावून घेऊन यायचा आणि काचेपलीकडून उंच धरायचा. साहेब पलंगावरून उठून, भिंतीला धरत धरत खिडकीशी यायची. बंद काचेतून बोललेलं ऐकू जात नसे, म्हणून तिने ठरवलं होतं की एक टिचकी म्हणजे पास, दोन म्हणजे नापास. डोक्यावर केस नाहीत, नाकावर चष्मा, डोळे बारीक करून बरणी न्याहाळायची, मुद्दाम वेळ लावायची, त्याला ताटकळत ठेवायची आणि मग टक्. बाप सलाम ठोकून परत जायचा. दिवसभरात त्याला तेवढंच मिळायचं, पण त्यावर तो हसत असायचा.

थोड्या आठवड्यांतच टाकी आजारी पडली.

आधी फेस आला, पांढरा, साबणासारखा. मग टाकीचा रंग उतरला आणि वास बदलला. चांगल्या टाकीला कुंडीतल्या मातीसारखा वास येतो, खरं सांगते, मला तर तो आवडतो. आता नासक्या अंड्याचा यायला लागला. भावाने पंप उघडून बघितला, नळ तपासले, गावात घरोघरी जाऊन विचारून आला की कुणी रंग-बिंग ओतला का. परत आला तो आमच्या मोरीच्या तोंडाशी उभा राहिला. आत भावजय बादली ओतत होती. मी दोरीवर कपडे घालत होते. त्याचा चेहरा मी बघितला आणि मलाही कळलं.

दुसऱ्या कुठल्याही घरातून एवढं ब्लीच आलं असतं तर वाटेत गावाच्या पाण्यात विरून गेलं असतं. आमचं घर शेवटचं. तिथून निघालेलं सरळ टाकीतच पडत होतं, जसंच्या तसं, आणि मंडळी मरत होती.

“सांग तिला,” मी म्हटलं.

“काय सांगू? लेकीसाठी करतेस ते बंद कर, माझी टाकी मरते?”

“नर्सनेच सांगितलं होतं की गरज नाही.”

“ते तिलाही माहीत आहे, ताई,” तो म्हणाला. “पण दुसरं काय आहे तिच्या हातात?”

त्याने दुसरे उपाय करून पाहिले. घरचा नळ तोडून वेगळ्या खड्ड्यात सोडायचा, तर जागा होती ती विहिरीच्या कुशीत. मग त्याने कॅनमध्ये निम्मं पाणी मिसळलं. भावजयीने झाकण उघडलं, नाक लावलं आणि कॅन उचलून तडक दुकानात. दुकानदाराला तिने असं काही फैलावर घेतलं की बिचाऱ्याने माफी मागून नवा कॅन दिला. माझा भाऊ शरमेने त्या दुकानासमोरून आठवडाभर गेला नाही. एरवी या गोष्टीवर आम्ही वर्षभर हसलो असतो.

शेवटी तो पलीकडच्या गावच्या टाकीवाल्याकडे गेला. दह्याला विरजण लागतं तसं मेलेल्या टाकीला जिवंत टाकीतला गाळ लावावा लागतो. या दोघांची जुनी चुरस, कुणाचं पाणी जास्त निवळ म्हणून. भेटले की एकमेकांची टर उडवायचे. पण माझ्या भावाने पिंपं पुढे केली तेव्हा त्याने कारण विचारलं नाही, स्वतः भरून गाडीवर चढवून दिली. पुढे हे रोजचंच झालं. भाऊ दुपारी गाळ आणून टाकीत ओतायचा, संध्याकाळच्या बादलीत तो मरायचा, उद्या पुन्हा पिंपं. एकदा पलीकडचा चेष्टेने म्हणाला, “काय रे, पोरगी सासरी पाठवावी तसा माझा गाळ नेतोस, माघारी काही येतच नाही.” म्हणाला आणि जीभ चावली. भावानेच मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गावाला वास जायला लागला. ओढ्याचं पाणी काळपट झालं, गुरं तोंड लावेनात. गावच्या पाणी समितीच्या अध्यक्षबाई नाकाला रुमाल लावून आल्या. “घरात आजारपण आहे, आम्ही समजू शकतो,” त्या म्हणाल्या, “पण तुमचं लक्ष उडालंय. होत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघू.”

“थंडी आहे,” भाऊ म्हणाला. “थंडीत मंडळी सुस्तावते. होईल बरी.”

बाई गेल्यावर लोक काय काय बोलले ते मला शिवायला टाकलेल्या कपड्यांबरोबर ऐकू यायचं. कामचुकार झालाय, झोपतो म्हणे दिवसा. ज्या माणसाने आयुष्यात टाकी सोडून दुसरीकडे एक रात्र काढली नाही त्याला कामचुकार! मी एका बाईचं पोलकं न शिवताच परत दिलं. भाऊ मात्र सगळं मुकाट गिळत होता. बायकोच्या कानावर काही जाऊ नये एवढीच त्याची धडपड होती.

राहता राहिली सकाळची बरणी. गढूळ बरणी लेकीला दाखवायची हिंमत त्याला होईना. मग तो पलीकडच्या गावची बरणी भरून आणायला लागला. खिडकीशी उभा राहून ती उंच धरायचा. साहेब न्याहाळायची. टक्. पास.

एकदा भावजय पाणी तापवायला गेली होती आणि मी तोंडाला फडकं बांधून साहेबांपाशी बसले होते. आम्ही पत्ते खेळत होतो. ती नेहमीसारखी लबाडी करत होती. पान टाकता टाकता म्हणाली, “आत्या, ती बरणी आपली नाही.”

“कुठली बरणी?” मी वेड पांघरलं.

“तुला खोटं बोलता येत नाही, उगाच प्रयत्न करू नकोस. पलीकडच्या गावात दुधाची डेअरी आहे. त्यांचा गाळ फिका असतो, दुधाळ. आपला गाळ असा कधीच नव्हता. आपली टाकी मेलीय ना?”

मी हातातली पानं उगाच पुन्हा लावायला लागले.

“आणि कशाने ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? रात्रंदिवस हा वास नाकात आहे माझ्या. खाणं कमी आणि ब्लीच जास्त खाते मी इथे.” परवाच तिने वैतागून आईच्या अंगावर चमचा फेकला होता, याच वासापायी, आणि मग दोघी रडल्या होत्या.

“मग सांगते मी तुझ्या आईला,” मी म्हटलं. “आत्ता सांगते. तुझं ऐकेल ती.”

“नको.” तिने पत्ते खाली ठेवले. “आत्या, मी वाचेन की नाही ते मला माहीत नाही. नाही वाचले तर आई आयुष्यभर हिशोब करत बसेल. कुठली कडी पुसायची राहिली, कुठल्या दिवशी बादली कमी पडली. ओतू दे तिला. काही राहिलं नाही असं तिला वाटलं पाहिजे.”

“आणि तुझा बाप? लोक शेण घालतायत त्याच्या तोंडात.”

“त्यांच्यासाठीच तुला सांगतेय. मी गेले की बादल्या थांबतील. मग टाकी आपोआप बरी होईल, काही न करता. गाव खूश होईल, बाबांना शाबासकी देईल.” तिने चष्मा काढून पुसला. “त्या दिवशी तू त्यांच्याजवळ थांब. बाकी काही करू नकोस. फक्त थांब.”

मी तिला झापलं. असलं अभद्र बोलायचं नाही म्हटलं. ती हसली, पत्ते उचलले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आहे ते बघून तेवढ्यात एक पान लपवलं.

ताप आला तो झपाट्याने. सकाळी बरणी बघून काचेवर टिचकी मारली, आणि ऊन वर यायच्या आत तिला गाडीत घालून इस्पितळात न्यावं लागलं. तिथे मात्र भावाला आत सोडलं. डोक्यापासून पायापर्यंत कागदी झगा, हातात रबरी मोजे, तोंडावर पट्टी. इतक्या महिन्यांनी त्याने लेकीचा हात हातात घेतला, तोही मोज्यातून. तिने डोळे उघडले, त्याच्या अवताराकडे बघितलं आणि बोटाने त्याच्या तळव्यावर एक टिचकी मारली. नंतर ती बोलली नाही. दोन दिवसांनी गेली.

डॉक्टरांनी भावाला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. भावजय तेव्हा आत तिच्यापाशी होती. ते म्हणाले, “तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. बाहेरून काही आलेलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याच आतड्यातले जंतू, प्रत्येकाच्या पोटात असतात ते. ते रक्तात उतरले. कितीही स्वच्छता ठेवली असती तरी हे टळलं नसतं.”

त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं. माझ्या भावाने हात जोडले, त्यांचे आभार मानले आणि भिंतीला टेकून खाली बसला. “म्हणजे मी आत गेलो असतो तरी चाललं असतं,” तो म्हणाला. मला म्हणाला की भिंतीला, कोण जाणे. ते मी भावजयीला कधीच सांगितलेलं नाही. ब्लीचचंही नाही. दोन्ही माझ्याबरोबर जातील.

नंतर घर शांत झालं. मोरीत बादल्या पडायच्या थांबल्या. उरलेले कॅन ओसरीवर तसेच रांगेत होते. भावजय पुढच्या खोलीत बसून राहायची, सालं निघालेले हात मांडीवर ठेवून. आता त्या हातांना काही कामच नव्हतं. भाऊ टाकीवर जायचा, जाळी साफ करायचा, परत यायचा. पलीकडच्या गावाला गेला नाही. बरणीला हातही लावला नाही.

आणि टाकी बरी व्हायला लागली. कुणी काही न करता, पोरीने सांगितलं होतं तशी. फेस विरला. करडा रंग आधी मातकट झाला, मग तपकिरी. एका सकाळी मी मागचं दार उघडलं तर कुंडीतल्या मातीचा वास आला. मी हातातलं कापड टाकून तशीच टाकीकडे धावले.

अध्यक्षबाई माझ्या आधी पोचल्या होत्या. “कमाल केलीत हो!” त्या म्हणत होत्या. “एवढ्या दुःखातही तुम्ही कामाला लागलात आणि टाकी सुधारून दाखवलीत. ओढा बघा कसा झालाय! सगळा गाव तुमचं नाव काढतोय.” मनापासून म्हणत होत्या बिचाऱ्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, त्यांना ओढ्यात ढकलून द्यावं.

त्या गेल्यावर भाऊ घराकडे गेला आणि ओसरीवरचा एक कॅन उचलून घेऊन आला. झाकण उघडून टाकीच्या तोंडाशी उभा राहिला. मी अडवलं नाही. मला थांब म्हणून सांगितलं होतं, मी थांबले.

“ताई,” तो म्हणाला, “ही आजारी होती तोवर ती होती गं.”

“हो रे.”

“रोज हिला मरताना बघायचो आणि मनात म्हणायचो, मर, खुशाल मर, म्हणजे आत पोरगी आहे, तिची आई फरशी पुसतेय. आता ही कशाला बरी झाली? कुणी सांगितलं होतं हिला बरी व्हायला?”

कॅन त्याच्या हातात तिरपा झाला होता. टाकीत खालून बुडबुडे येत होते. माझा भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून, आवाज करून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. बऱ्याच वेळाने त्याने झाकण परत लावलं. त्याच्याच्याने मंडळी मारवली नाही.

मग त्याने बरणी शोधून काढली. धुतली, टाकीतलं पाणी भरलं, ओट्यावर ठेवलं. आम्ही दोघं शेजारी बसून बघत राहिलो. गाळ हळूहळू खाली बसला, आपला गाळ, गडद. वरचं पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचं कुंपण दिसावं. त्याने झाकण लावलं आणि सवयीने घराच्या पुढच्या बाजूला चालायला लागला. मी मागोमाग गेले.

खिडकीसमोर नेहमीच्या जागी तो उभा राहिला आणि त्याने बरणी उंच धरली. आत भावजय चादरीची घडी घालत होती. तिने वर बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल, नाहीतर पाठ फिरवेल. ती चादर ठेवून भिंतीला धरत धरत खिडकीशी आली. डोळे बारीक करून तिने बरणी न्याहाळली, वरपासून खालपर्यंत, अगदी साहेबांसारखा वेळ लावून.

टक्.

भावाने बरणी खाली घेतली नाही. भावजय काचेपलीकडून त्याच्याकडे बघत राहिली. मग खिडकीच्या कडेला तिने नखं लावली आणि चिकटपट्टी ओढून काढायला लागली, एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. खिडकी घट्ट बसली होती. दोनदा धक्का दिल्यावर उघडली. आतला ब्लीचचा वास बाहेर आला.

“आत या,” ती म्हणाली. “आता आलात तरी चालेल.”

त्याने बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दाराशी जाऊन बूट काढले, बाहेरच्या नळावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं धुतली, पुन्हा एकदा धुतली, आणि आत गेला.